आशेचा विसार

प्रश्न : दर १ जानेवारीला मी तीन निश्चय करते. वर्षभरात बायबल वाचून काढायचं, मुलांवर आवाज चढवायचा नाही आणि चार वर्षं अबोला असलेल्या जाऊबाईंशी बोलणं सुरू करायचं. तिन्हींसाठी मनापासून प्रार्थनाही करते. पण लेवीय आलं की वाचन थांबतं आणि त्यामागून बाकीचे दोन निश्चयही गळतात. सासूबाई म्हणतात, ठरल्या वेळी प्रार्थनेला बस, सगळं मार्गी लागेल. पण घड्याळ लावून केलेली प्रार्थना आणि कर्मकांड यांत फरक तो काय? विश्वास आहे, आशा आहे, मग सवयच का लागत नाही?
– एक वाचक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, आधी लेवीयाचा हिशेब करू. बायबलात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन वाचायला हवेत. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० झाले की लेवीय लागतं, म्हणजे २८ जानेवारीच्या सुमारास. तोवर नोहाचं तारू आहे, योसेफाचा झगा आहे, समुद्र दुभंगतो आहे. पुढे यज्ञबलींचे प्रकार, त्वचारोगांची लक्षणं आणि खाण्या-न खाण्याच्या प्राण्यांची यादी. गोष्टीच्या ओढीने चाललेली गाडी तिथे थांबायचीच.

यात विश्वासाचा दोष नाही, दिवस कमी पडले आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ९६ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक साधी गोष्ट रोज करायला सांगितल्यावर ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत जमलं, तर कुणाला अडीचशेहून अधिक लागतील असा अंदाज निघाला. बायबलची पुस्तकंही ६६ आहेत, हा निव्वळ योगायोग. त्यावर प्रवचन नको! मुद्दा एवढाच की तुमचं लेवीय अठ्ठाविसाव्या दिवशी येतं, सवय अजून कोवळी असताना.

आता कर्मकांडाचं. दानीएल दिवसातून तीनदा, यरुशलेमच्या दिशेने उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकत असे. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही, असं फर्मान निघालं, तेव्हाही तो त्याच खिडकीशी, त्याच वेळी बसला. सिंहांच्या गुहेची भीती समोर असताना त्याला नवं धैर्य गोळा करत बसावं लागलं नाही. रोजचीच वाट त्याला तिथे घेऊन गेली. येशूने चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना फटकारलं ते वेळ पाळल्याबद्दल नव्हे, लोकांनी पाहावं म्हणून केल्याबद्दल. अठराव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये जॉन वेस्ली आणि त्यांचे सोबती उपास, अभ्यास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी सगळं वेळापत्रक आखून करत, म्हणून लोकांनी त्यांना चिडवायला ‘मेथॉडिस्ट’ म्हटलं. म्हणजे तुमची शंका जुनीच आहे. वेळ ठरवल्याने प्रार्थनेचं कर्मकांड होत नाही. तिच्यामागची आशा विसरली तर मात्र होतं.

ही आशा म्हणजे काय, ते मला यिर्मयाच्या शेतात सापडतं. इ.स.पूर्व ५८७ च्या आसपास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि यिर्मया पहाऱ्यात अडकला होता. नगर पडणार, हे तो स्वतःच सांगत होता. अशा वेळी त्याच्या चुलतभावाने त्याला अनाथोथचं शेत विकायला काढलं. कुठल्याही शहाण्या माणसाने हात जोडले असते. यिर्मयाने सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खत मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावलं. या भूमीत पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, ही आशा तो नुसता बोलला नाही. त्याने तिच्यासाठी खिशात हात घातला.

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार बोलण्याने पक्का होत नाही, विसार द्यावा लागतो. रोजची सवय म्हणजे आपण आपल्या आशेवर दिलेला विसार. (यिर्मयाने तर विसारावरही भागवलं नाही, पुरी किंमत मोजली.) मात्र इथे एक घसरण आहे. सवयी लावून देवाला विकत घेता येत नाही. पौल हाच शब्द वापरतो, पण उलट्या बाजूने : पवित्र आत्मा हा देवाने आपल्याला आधीच दिलेला विसार आहे. व्यवहार त्याने सुरू केला आहे. आपण आपल्या बाजूने शब्द पाळायचा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आपल्या घरचं. शिकलेल्यांनाच कळणारं बायबल त्यांना नको होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्यासुध्या बायकांना समजेल असं हवं होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येईनासं होत होतं, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षं भाषांतराचं काम चालू राहिलं. मिशनच्या छापखान्यात मुक्तीतल्या बायकाच खिळे जुळवत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून आलं. पुस्तक त्यांनी हातात धरलं नाही, यिर्मयानेही ते शेत कधी नांगरलं नाही. आशा मोठी होती. रोजचं काम मात्र ओळीओळीचं होतं.

तेव्हा तुमच्या तीन निश्चयांना तीन छोटे विसार देऊ.

वाचनासाठी : सव्वातीन अध्याय सोडा, रोज एक घ्या. सव्वातीन वर्षं लागतील, लागू द्यात. पहाटेचा गजर लावण्याऐवजी जे काम आधीच रोज होतं, त्याला वाचन बांधा : चहाचं आधण ठेवलं की बायबल उघडायचं. वसईत किंवा गोव्यात सकाळ-दुपार-संध्याकाळची घंटा झाली की जुनी माणसं हातातलं काम थांबवून प्रार्थना म्हणत. ‘अमुक झालं की तमुक’ हीच त्यातली युक्ती.

आवाजासाठी : ‘चिडणार नाही’ हा निश्चय धरता येत नाही, कारण न करण्याची सवय लागत नाही, काहीतरी करण्याची लागते. मुलगा दप्तर फेकून बसला की आधी त्याच्याजवळ जायचं, मग बोलायचं. स्वयंपाकघरातून हाक मारली की आवाज चढतोच. हातभर अंतरावरून सहसा चढत नाही.

आणि दिवस चुकला तर? लॅलींच्या अभ्यासात एखाद्या दिवसाच्या खाड्याने सवय मोडली नाही. रानातल्या मान्नाची गोष्ट आठवा : ज्याचं त्याला, त्या दिवसापुरतं. साठवलेल्यात किडे पडले. कालचा राहिलेला अध्याय आज थकबाकीसारखा जोडू नका. आजचा वाचा.

राहिल्या जाऊबाई. तुम्ही लिहिता, मनापासून प्रार्थना करते. मन निवळायची वाट पाहत असाल. यिर्मयाचा क्रम नीट पाहा. त्याने आधी रुपं तोललं, खत आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिलं आणि मग प्रार्थना केली. त्या प्रार्थनेतही शंका आहेच : शत्रू वेशीवर आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! त्याचं मन व्यवहारानंतरही निवळलेलं नव्हतं, तरी खत झालेलं होतं. तेव्हा या रविवारी देवळातून आलात की चप्पल काढण्याआधी जाऊबाईंना फोन लावा. त्यांनी उचलला नाही तर पुढच्या रविवारी, त्याच वेळी, पुन्हा.