सैन्य वाढवावे काय? बाबासाहेबांचा हिशेब आणि आपण



राष्ट्राने आपले सैन्य वाढवावे काय, हा विषय वक्तृत्व स्पर्धेत नेहमी दिला जातो आणि बहुतेक वक्ते टाळ्यांच्या बाजूने बोलतात. आपल्याला मात्र हा विषय परका नाही. सोमाटणे फाट्यावरून पुण्याकडे निघालो की देहूरोडची छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना लागतो, लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी आहे. (याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.)

आपल्या समाजाला सैन्याने भाकरी दिली आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षर दिले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धात बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, ती टिकली. लढाई आली की दार उघडायचे, संपली की लावून घ्यायचे! त्यामुळे सैन्यवाढ म्हटले की आपले मन आधी भरतीकडे धावते. ते स्वाभाविक आहे, पण तो राष्ट्राच्या प्रश्नाचा निकाल नव्हे.

ज्यांनी महार रेजिमेंटसाठी आग्रह धरला त्याच बाबासाहेबांनी १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात सैन्यखर्चावर बोट ठेवले. वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. म्हणजे रुपयातले एक्कावन्न पैसे. हा बोजा परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, आपल्याला मित्र उरले नाहीत म्हणून सारा खर्च एकट्याने सोसावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते.

यावर कोणी म्हणेल, मग १९६२ चे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु चीनच्या तिबेटमधील हालचालींविषयी आणि पंचशील कराराविषयी १९५४ साली राज्यसभेत इशारा देणारेही बाबासाहेबच होते. ते भाबडे शांततावादी नव्हते. १९६२ मध्ये आपले जवान हिमालयाच्या थंडीत पुरेशा गरम कपड्यांविना, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन लढले. पुढच्या ठाण्यांपर्यंत रस्ते नव्हते. माणसे कमी पडली हे खरे, पण त्या माणसांच्या अंगावर आणि हातात काय होते तेही पाहावे लागेल. त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सैन्याचे उद्दिष्ट सव्वाआठ लाखांचे ठरले, डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या, शस्त्रांचे आधुनिकीकरण सुरू झाले. ती वाढ आवश्यकच होती असे माझे मत आहे, कारण तिच्यामागे ठरलेली सीमा आणि ठरलेली योजना होती.

आज हिशेब निराळा आहे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी आहेत. त्यात निवृत्तिवेतन सुमारे १ लाख ६० हजार कोटी. नवी विमाने, जहाजे, तोफा यांसह भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी. बँकेत काम करणाऱ्याला हे आकडे पटकन कळतात. आज भरती केलेल्या माणसाचा खर्च त्याच्या पगारावर थांबत नाही, पुढे विधवेच्या पेन्शनपर्यंत चालतो. तो दिलाच पाहिजे, म्हणूनच संख्या वाढवण्यापूर्वी मोजावी. चीनने २०१५ मध्ये आपल्या सैन्यातून तीन लाख माणसे कमी करण्याची घोषणा केली आणि तो दुबळा झाला नाही. गलवानला २०२० मध्ये आपण वीस जवान गमावले. तरी डोकी वाढवण्यापेक्षा रस्ते, रडार आणि दारूगोळा यांवर पैसा घालावा, असे मला वाटते.

पण काटकसरीचा भार कोणावर पडतो? जून २०२२ च्या अग्निपथ योजनेत मुलगा चार वर्षांसाठी घेतला जातो, जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात; बाकीचे एकरकमी निधी घेऊन, पेन्शनविना, घरी परततात. ज्याच्या घरी शेत नाही, दुकान नाही, त्याच्यासाठी १९२१ ची आठवण ताजी होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी पदवी अभ्यासक्रम ठेवला आहे. आपल्या भागातून जी मुले भरतीला जातील त्यांनी निघण्यापूर्वीच त्याची माहिती घ्यावी.