प्रशस्तिपत्रावरची तिरकी अक्षरे



स्नेहसंमेलनात मिळालेले प्रशस्तिपत्र घरी असेल तर त्यावरची इंग्रजी अक्षरे जवळून पाहा. किंचित उजवीकडे झुकलेली, कुठे जाड तर कुठे बारीक. आपल्याकडे यासाठी बहुधा मोनोटाइप कोर्सिव्हा हा फॉन्ट वापरतात. त्याच घराण्यातला आयटीसी झाफ चान्सरी हा फॉन्ट जर्मनीचे हरमान झाफ यांनी १९७९ मध्ये तयार केला. झाफ सुलेखन कोणा गुरूकडे नव्हे, पुस्तके समोर ठेवून शिकले होते.

पण हे वळण त्याहून कितीतरी जुने, इटलीतले. पंधराव्या शतकात तिथले लेखनिक भरभर लिहिताना असे लिहीत. पुढे पोपच्या दफ्तरात ते रूढ झाले. चान्सरी म्हणजे दफ्तरखाना. त्याच दफ्तरातील लुडोव्हिको आरिगी यांनी हे वळण शिकवणारी छोटी पुस्तिका काढली. तिच्यावर साल आहे १५२२. म्हणजे आज आपण ज्याला शोभेचे अक्षर समजतो, ते मुळात कारकुनांचे घाईचे अक्षर! आपली मोडीही दफ्तरातच वाढली.

यातला जाड-बारीकपणा हात दाबून येत नाही. टाकाचे टोक चपटे असते आणि ते तिरके धरतात. त्यामुळे रेघ एका दिशेला रुंद उमटते, दुसऱ्या दिशेला बारीक. ज्या आजोबांनी बोरूने कित्ता गिरवला आहे त्यांना विचारा, ते चटकन समजावतील.

आता आमची चूक सांगतो. मागे एका वर्षी प्रमाणपत्रांवर सर्व नावे या फॉन्टमध्ये, पण सगळी कॅपिटल अक्षरांत छापली गेली. मंचावर पाहुण्यांना एका मुलीचे नाव वाचताच येईना. ती खाली उभी, टाळ्या थांबलेल्या. मसुद्यावर सही माझीच होती. या फॉन्टची कॅपिटल अक्षरे शेपट्या-वेलांट्यांसह शब्दाच्या आरंभी एकेकटी उभी राहण्यासाठी असतात. ओळीने मांडली की एकमेकींत गुंततात. व्हेनिसचे मुद्रक आल्डस यांनी १५०१ मध्ये व्हर्जिलचे पुस्तक तिरक्या अक्षरांत छापले, त्यात कॅपिटल अक्षरे तर सरळ उभीच ठेवली होती.

मराठी मजकुराला मात्र संगणकाचे इटॅलिक बटण दाबू नये. खरे इटॅलिक वेगळे रेखाटावे लागते. बटणाने देवनागरी नुसती कलंडते आणि काने-वेलांट्या पडायला आल्यासारख्या दिसतात. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले, पण देवनागरीचे डोळे दोन्हीकडे सारखेच.

यंदा नाव पहिले अक्षर कॅपिटल, बाकी लहान असे छापू. विश्वस्तांनी नमुना पाहिला आहे. नावांची यादी सूचनाफलकावर लावली आहे. पालकांनी स्पेलिंग तपासून वर्गशिक्षकांकडे सही करावी.