डोंगरची मुले समुद्रकाठी

जव्हारच्या मुलाला वाट चुकण्याची भीती फारशी नसते. दाभोशाच्या धबधब्याकडे उतरणारी पाऊलवाट, पावसात एका रात्रीत फुगणारा ओढा, तिन्हीसांजेचे रानातील आवाज, या साऱ्यांशी त्याची लहानपणापासून ओळख असते. तोच मुलगा मुंबईसारख्या समुद्रकाठच्या नगरीत पाहुणा म्हणून गेला, तर यांपैकी किती ज्ञान त्याच्या कामी येते? सन २००९ च्या जानेवारीत आमच्या शाळेची सहल मुंबईस गेली, तेव्हा हे मला कळले.

जव्हारला आगगाडी नाही. एस.टी.ने पालघर गाठून आम्ही गाडीत बसलो व दादरला उतरलो. प्रत्येक मुलासाठी मी एक चिठ्ठी लिहिली होती. तीवर शाळेचे नाव, मुक्कामाचा पत्ता आणि माझा फोन नंबर होता. दादर हे पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांचे स्थानक. तेथील गर्दी काय वर्णावी! चर्नी रोडकडे जाणारी लोकल आली, मुले भराभर चढली, मीही चढलो. गाडी सुटल्यावर मोजतो, तो एक मुलगा कमी! त्याची चिठ्ठी पिशवीत होती आणि पिशवी मित्राच्या खांद्यावर. चिठ्ठी खिशातच ठेवा, हे सांगावयास मी विसरलो होतो.

मुलांना सोबतच्या शिक्षकांवर सोपवून मी पुढच्या स्थानकावरून उलट परतलो. अवघी वीस मिनिटे गेली असतील. ती मी अद्याप विसरलेलो नाही. सातवीतला तो मुलगा होता त्याच खांबाजवळ उभा होता. "चल, तुला पोहोचवतो," असे एक अनोळखी गृहस्थ म्हणाला, तरी तो हलला नव्हता.

"घाबरला नाहीस का रे?" मी विचारले.

"घाबरलो ना, गुरुजी! पण बा सांगतो, रानात चुकलास तर धावू नको. जिथवर सोबत होती तिथंच थांब. शोधणारा तिथंच येतो."

आज ११२ क्रमांकावर पोलिसांची आणि १०९८ वर मुलांसाठी खास मदत मिळते. त्या वेळी त्याच्याजवळ बापाचे बोल तेवढे होते.

रानाची शिकवण स्थानकावर उपयोगी पडली. पाण्याच्या बाबतीत मात्र तिने आम्हांला फसवले. दुपारी तीनच्या सुमारास गिरगाव चौपाटीवर मुलांनी चपला कोरड्या वाळूत काढून ठेवल्या. आपल्या ओढ्याला पूर येतो तो डोंगरात पाऊस पडल्यावर; आकाश निरभ्र असता पाणी कशाला चढेल, असा त्यांचा हिशेब. तासाभरात तीन चपला लाटांनी नेल्या. जवळच बसलेला एक वृद्ध कोळी हसून म्हणाला, "आज षष्ठी नाय का? साडेचारला भरती."

त्याने आम्हांला गणितच शिकवले. तिथीची पाऊणपट करावी; जो आकडा येईल, त्या वेळेच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सहा तासांनी ओहोटी. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो व भरतीही त्याच्यामागून सरकते, म्हणून हा अंदाज जमतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत अधिक चढते व उतरते. ते उधाण होय.

आमच्या चपलाच गेल्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता. नदीत पोहणाऱ्यास समुद्रात पोहता येईलच असे नाही. नदी एकाच दिशेने वाहते आणि तिला दोन्हीकडे काठ असतो. समुद्रात किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह असतात. अशा प्रवाहाशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे येऊ पाहणारा थकून बुडतो. त्याने अंग सैल सोडून तरंगावे, हात उंचावून हाक मारावी, आणि बळ असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. काठावरच्या सोबत्याने उडी घेऊ नये. दोर, ओंडका, झाकण लावलेला रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे. एकाला वाचविण्यास दुसरा, दुसऱ्यास तिसरा, अशी घरेच्या घरे उजाड झाली आहेत.

दोन दिवसांनी आम्हांला हाजी अलीचा दर्गा पाहावयाचा होता. तेथे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. सकाळी मी निघण्याची घाई करू लागलो, तो दादरला चुकलेला तोच मुलगा बोटे मोजीत उभा!

"आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. गुरुजी, आपण अकराला निघू."

आम्ही अकराला निघालो.