मोटारसायकलच्या तडकलेल्या भागांची इपॉक्सी पुट्टीने दुरुस्ती

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बियाण्याची पिशवी, खताचे पोते, फवारणीचा पंप, इतकेच नव्हे तर प्रसंगी आजारी माणूसदेखील तिच्यावरूनच न्यावा लागतो. जंगलातील वाटेवर एखादा दगड किंवा सागाचा खुंट इंजिनाच्या खालच्या अंगास आदळतो, ॲल्युमिनियमचे आवरण तडकते आणि ऑईल झिरपू लागते. ऑईल संपल्यावर गाडी तशीच चालविल्यास आतील भाग एकमेकांवर घासून इंजिन जाम होते व शेकड्यांत भागणारा खर्च हजारांवर जातो. रोवणीच्या दिवसांत, पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद झाला असता, नवा भाग आणावयास जाणेही शक्य नसते. अशा वेळी इपॉक्सी पुट्टीने केलेली दुरुस्ती उपयोगी पडते.

पुट्टी म्हणजे काय?

ही दोन घटकांची असते. एक घटक राळेचा व दुसरा तिला कठीण करणारा. दोन्ही एकत्र मळले की रासायनिक क्रिया सुरू होऊन मिश्रण दगडासारखे घट्ट होते. या जातीचे ‘अराल्डाइट’ हे चिकटद्रव्य स्वित्झर्लंडमध्ये १९४६ साली पुढे आले. आपल्याकडे ‘एम-सील’ हे नाव घरोघरी परिचित आहे. इंजिनासाठी मात्र नळ जोडण्याची साधी पुट्टी न घेता धातूची भुकटी मिसळलेली व उष्णता सोसणारी पुट्टी घ्यावी. वेष्टनावर छापलेली तापमानाची मर्यादा वाचूनच खरेदी करावी.

ॲल्युमिनियमचे जोडकाम गावातील साध्या वेल्डिंगने होत नाही. हा धातू सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. परंतु त्यावरील ऑक्साइडचा पातळ थर २००० अंशांच्या वर गेल्याखेरीज वितळत नाही. त्यामुळे सांधा धरण्यापूर्वीच आवरणाला भोक पडते. त्यासाठी आर्गॉन वेल्डिंग लागते व ते बहुधा शहरातच मिळते.

कोठे वापरावी, कोठे वापरू नये?

क्लचचे आवरण, मॅग्नेटोचे आवरण, इंजिनाच्या तळाची बारीक चीर, तसेच डिझेल पंपाच्या बिडाच्या भागावरील लहान तडा येथे ही पुट्टी चालते. परंतु चौकट, पुढचा फोर्क, हँडल, चाकाची रिम, ब्रेकचे भाग व फूटरेस्ट यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. हे भाग पुट्टीने कधीही सांधू नयेत. सिलिंडर, त्याचे हेड व सायलेन्सर फार तापतात, म्हणून तेथे ती टिकत नाही. पेट्रोलच्या टाकीवरही प्रयोग करू नये. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळाल्यास आग लागते.

कृती

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर ऑईल स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. शक्य असल्यास आवरण सोडवून घ्यावे.

२. तडा कोठवर गेला आहे ते पाहून त्याच्या दोन्ही टोकांस २ ते ३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे. त्यामुळे तडा पुढे सरकत नाही. छिद्र पाडताना धातूचा कीस इंजिनात जाऊ देऊ नये.

३. कानशीच्या कडेने तड्यावर उथळ खाच करावी व सभोवती दोन बोटे रुंदीचा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करावा.

४. थिनरने भाग तीन-चार वेळा पुसावा. स्वच्छ चिंधीला काळेपणा लागेनासा झाला म्हणजे काम झाले असे समजावे. ओतीव ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म छिद्रांत ऑईल मुरते. म्हणून सोडविलेले आवरण काही वेळ उन्हात तापवून पुन्हा पुसावे.

५. दोन्ही घटक वेष्टनावरील प्रमाणात घेऊन एकच रंग येईपर्यंत मळावेत. कठीण करणारा घटक जास्त घातल्याने काम लवकर होते ही समजूत चुकीची आहे. त्याने सांधा कच्चा राहतो.

६. पुट्टी प्रथम खाचेत दाबून भरावी, मग सभोवती पातळ थर द्यावा. तापल्यावर पुट्टी धातूपेक्षा अधिक फुगते, म्हणून जाड थर सुटण्याचा संभव असतो.

७. निदान २४ तास गाडी सुरू करू नये. थंडीत याहून अधिक वेळ द्यावा. उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून ते थोडे थोडे करावे.

८. नंतर योग्य मापाने ऑईल भरून गाडी उभ्यानेच दहा मिनिटे चालवावी व सांधा पाहावा.

प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदा हे काम केले तेव्हा पुसण्याची घाई केली. दुसऱ्याच दिवशी पुट्टीचा तुकडा अखंड सुटून हातात आला. दोष पुट्टीचा नव्हता. खाली तेलाचा ओशट थर राहिला होता. पुन्हा चौथ्या क्रमांकाची कृती नीट केल्यावर सांधा धरला.

दक्षता

कठीण करणाऱ्या घटकाने कातडीला खाज व चट्टे येतात. म्हणून हातमोजे घालावेत. थिनर वापरताना जवळ विडी, चूल अथवा दिवा नसावा. काढलेले ऑईल बांधीत, नाल्यात वा तलावाकाठी ओतू नये.

ही दुरुस्ती अडचणीच्या काळासाठी आहे हे विसरू नये. दर आठवड्याला सांधा व ऑईलची पातळी पाहावी आणि सवड मिळताच नवे आवरण बसवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखादे मोडके आवरण घेऊन ही कृती गावात प्रत्यक्ष करून दाखवावी. ऐकण्यापेक्षा पाहिलेले अधिक काळ लक्षात राहते.