घोड्याच्या खुराकाचा हिशेब

घोड्याचा खुराक मापाने न देता तोलून द्यावा. जीवनधारणेस वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ३३ उष्मांक (किलोकॅलरी) लागतात. म्हणजे ३०० किलोच्या घोड्यास सुमारे १०,०००. हलके काम असल्यास हे प्रमाण १२,००० धरावे.

आपल्या जालना जिल्ह्यात ज्वारीचा कडबा घरचाच असतो. त्याच्या एका किलोतून सुमारे १,८००, तर हरभऱ्याच्या किलोतून सुमारे ३,३०० उष्मांक पचनी पडतात. सबब ५ किलो कडबा व १ किलो हरभरा मिळून १२,३०० होतात. हलक्या कामास इतके पुरे.

विश्रांतीच्या दिवशी हरभरा पाव किलोवर आणावा. दाण्याचा अतिरेक झाल्यास तो मोठ्या आतड्यात आंबून पोटशूळ उठतो, व खुरांस दाह होऊन चांगला घोडा कायमचा लंगडा होतो.