बागेच्या बांधावर विषाणुपरीक्षा : पातळ वाहक पटलाचा तापक

केळीच्या बागेत विषाणुरोगाचा शिरकाव दोन वाटांनी होतो. एक वाट माव्याची व दुसरी खुद्द बागाइतदाराच्या गाडीतून येणाऱ्या मुनव्यांची. पर्णगुच्छ रोग जडलेल्या झाडाची पाने अरुंद व ताठ होऊन शेंड्याशी गुच्छासारखी दाटतात, आणि देठावर व मध्यशिरेवर गर्द हिरव्या तुटक रेघा उमटतात. ही लक्षणे ओळखणे अवघड नाही. अडचण निराळीच आहे. माव्याने झाडात विषाणु सोडल्यानंतर निदान दोन नवी पाने बाहेर पडेपर्यंत ते झाड डोळ्यांना निरोगीच दिसते. या मधल्या काळात त्याचे मुनवे काढून दुसरीकडे लावले, तर बागाइतदार दाम मोजून रोगच घरी आणतो. रोगी झाड बरे करणारे औषध नाही.

१९२० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्सच्या उत्तर भागातील व क्वीन्सलंडच्या दक्षिण भागातील केळीचा धंदा या रोगाने जवळजवळ बुडाला होता. हा रोग केळीवरील माव्यामुळे पसरतो, हे मॅगी या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पुढे रोगी झाडे हुडकून नष्ट करणे आणि निरोगी मुनवेच लावणे, या शिस्तीवर तो धंदा पुन्हा उभा राहिला. त्या काळी हुडकण्याचे साधन डोळा हेच होते.

आज पानाच्या तुकड्यातील विषाणूचे जनुकद्रव्य ओळखून रोगाचा पत्ता लावता येतो. ते अत्यल्प असल्याने प्रथम त्याच्या असंख्य प्रती तयार कराव्या लागतात. पीसीआर या प्रचलित पद्धतीत त्यासाठी मिश्रणाचे तापमान सुमारे ९५ अंशांपर्यंत चढवून पुन्हा ५० ते ६० अंशांपर्यंत उतरवावे लागते, आणि असे तीसेक वेळा करावे लागते. हे काम प्रयोगशाळेतील यंत्राचे. जपानी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या 'लॅम्प' पद्धतीत मात्र ६० ते ६५ अंश सेल्सिअस हे एकच तापमान सुमारे तासभर टिकविले की पुरते. पर्णगुच्छाच्या विषाणूसाठीही या पद्धतीच्या परीक्षा तयार झालेल्या आहेत. तेव्हा शेतावर प्रश्न उरतो तो एवढाच की, तासभर स्थिर राहणारी उष्णता आणावयाची कोठून?

येथे थोडा हिशेब पाहण्यासारखा आहे. आठ नळ्यांत प्रत्येकी २५ मायक्रोलिटर मिश्रण धरले, तर ते सारे मिळून ०.२ मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या चार थेंबांइतके भरते. ते २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेण्यास अवघ्या ८ कॅलरी पुरतात. परंतु या नळ्या २०० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसविल्या, तर एकटा ठोकळा तेवढाच तापविण्यास सुमारे १,७०० कॅलरी लागतात. म्हणजे विजेचा बहुतेक खर्च धातू तापविण्यातच होतो.

वाहक पटलाचा तापक हा खर्च वाचवितो. उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर कार्बनयुक्त शाईचा थर छापतात, किंवा काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप देतात. दोन विरुद्ध कडांना चांदीयुक्त शाईच्या पट्ट्या देऊन त्यांतून वीज सोडली, की थराच्या विद्युतरोधामुळे सर्व पृष्ठभाग तापतो. मोटारीच्या मागील काचेवरील दव घालविणाऱ्या बारीक रेघा याच तत्त्वावर तापतात. पटलाचा रोध ५ ओहम असेल, तर ५ व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह वाहतो व ५ वॅट उष्णता मिळते. मोबाइलच्या १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेवर असा तापक चार-पाच तास चालावा.

या हलकेपणाला दुसरी बाजू आहे. बिडाचा जाड तवा उशिरा तापतो आणि उशिराच निवतो. पत्र्याचा तवा लवकर तापतो, पण वाऱ्याच्या झुळुकेसरशी निवतो. पटल हा पत्र्याचा तवा होय. त्याच्या कडा मध्यापेक्षा थंड राहतात व थर सारखा नसल्यास तापही सारखा राहत नाही. म्हणून तापमान पाहून वीज आपोआप तोडणारा व जोडणारा नियंत्रक आणि थर्माकोलचे आच्छादन या दोन गोष्टी अनावश्यक मानू नयेत. पहिल्या वापरापूर्वी चारही कोपऱ्यांतील व मध्यभागातील नळ्यांत पाणी भरून बारीक तापमापकाने प्रत्येक जागा तपासावी.

याचे कारण गंभीर आहे. ताप कमी पडला तर प्रती सावकाश तयार होतात, आणि फार चढला तर मिश्रणातील विकर निकामी होते. दोन्ही प्रकारांत चूक एकाच दिशेने होते: रोगी झाड निरोगी ठरते, व त्याचे मुनवे विश्वासाने दहा बागांत जातात. याकरिता प्रत्येक परीक्षेत एक नळी खात्रीच्या रोगी नमुन्याची व एक खात्रीच्या निरोगी नमुन्याची असलीच पाहिजे. रोगी नमुन्याची नळी मध्यभागी न ठेवता सर्वांत थंड जागी, म्हणजे बहुधा कोपऱ्यात ठेवावी. तेथे रंग पालटला, तर इतर नळ्यांनाही पुरेसा ताप मिळाला असे समजण्यास हरकत नाही. तेथेच पालटला नाही, तर ती सबंध परीक्षा रद्द समजावी. हायड्रॉक्सिनॅफ्थॉल ब्लू हा रंग वापरला असल्यास जांभळ्या मिश्रणाचे आकाशी होणे हे विषाणु असल्याचे चिन्ह होय. रंग दिवसाउजेडी, सावलीत पाहावा. परीक्षा झालेली नळी कदापि उघडू नये. तीतील प्रती हवेतून पसरल्या, तर पुढील परीक्षांत निरोगी झाडेही रोगी ठरतात.

प्रत्येक परीक्षा आपल्या एकाच विषाणूपुरती असते. जळगावकडे 'हरण्या' म्हणून ओळखला जाणारा रोग काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे होतो. त्याचे जनुकद्रव्य आरएनए प्रकारचे असल्याने त्यास निराळे मिश्रण लागते. तापक तोच चालतो. ऊतिसंवर्धित रोपे घेणाऱ्याने मात्र बांधावरील परीक्षेवर विसंबून न राहता विक्रेत्याकडे विषाणुमुक्ततेचा दाखला मागावा. अशा रोपांसाठी केंद्र शासनाची प्रमाणीकरण योजना २००६ पासून आहे.

परीक्षेत झाड रोगी ठरल्यास त्याला लगेच हात लावू नये. प्रथम त्यावरील व शेजारील झाडांवरील मावा शिफारशीच्या कीटकनाशकाने मारावा. आधी झाड पाडले, तर हाच मावा शेजारच्या झाडांवर जातो. त्यानंतर झाड कंद व मुनव्यांसह खणून काढावे, कंदाचे तुकडे करून नष्ट करावेत, आणि त्या जागी फुटवा येतो काय हे पुढील काही आठवडे पाहत राहावे.