गोष्ट सोड, बोट धर

लेका, दिवाळीत सगळे वाशीमला जमलात की जेवणानंतर गच्चीवर चिठ्ठ्यांचा खेळ बसणारच. चिठ्ठीत जुन्या व्हिडिओ गेमचं आडून आडून वर्णन, आणि नाव ओळखायचं. तुझी मावसबहीण चिठ्ठ्या लिहिण्यात पक्की आहे. तिला पुरून उरायचं असेल तर मामाचं ऐक. मी ऐन उमेदीत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात या गेमच्या मशिनी उघडून पाहिल्यात, त्यांच्या आतल्या खोड्या मला ठाऊक आहेत.

पहिलं म्हणजे चिठ्ठीतल्या गोष्टीत गुंतायचं नाही. गोष्ट ही फसवायलाच असते. ‘सात भावंडं आभाळातून पडतात, दाटीवाटीने नांदली की नाहीशी होतात’ असं लिहिलेलं ऐकलं की पोट्टे राक्षस, देवदूत, काय काय शोधत बसतात. तू फक्त एवढं विचार, की खेळणाऱ्याचं बोट काय करतंय? इथे ते तुकडा फिरवतं आणि बाजूला सरकवतं, बस. झाला टेट्रिस. चार-चार चौकोनांचे सात आकार. 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने तो बनवला तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्याने कंसाची चिन्हं जोडून चौकोन केले. आपल्याकडे तो हातात मावणाऱ्या ब्रिक गेममधून आला.

‘सुतार’ असा शब्द आला तर मारिओ म्हणून ओरडू नको. मिशीवाला तोच, पण 1981 च्या डाँकी काँगमध्ये तो सुतार होता आणि त्याचं नाव जंपमॅन होतं. नळ-पाइपांचा धंदा त्याने 1983 च्या मारिओ ब्रदर्सपासून धरला. म्हणजे धंद्यावरून साल कळतं आणि सालावरून गेम. चिठ्ठी लिहिणाऱ्याला हा फरक माहीत असतो, म्हणूनच तो ‘सुतार’ लिहितो.

आता माझी आवडती चिठ्ठी. ‘बंदूक काही सोडत नाही, उलट घेते. आधी अंधार, मग उजेड.’ हा 1984 चा डक हंट. ती नारिंगी किंवा काळी प्लास्टिकची बंदूक उघडलीस तर आत पुढच्या बाजूला एक भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा छोटा भाग सापडेल, दुसरं काही नाही. घोडा दाबला की पडदा पापणी लवायच्या आत काळा होतो आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला अंधारानंतर उजेड दिसला तर बदक पडलं. आपल्या गल्लीतले पोट्टे चलाखी म्हणून पेटलेल्या बल्बवर नेम धरायचे. उपयोग शून्य, कारण मशीन आधी अंधार तपासतं आणि बल्ब काही विझत नाही. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालतं, आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक नुसतं खेळणं. म्हणून चिठ्ठीत ‘आज नेम धरला तरी लागणार नाही’ असं काही दिसलं की दुसरीकडे बघूच नको. नेम चुकला की हसणारा कुत्रा सगळ्यांनाच आठवतो. हुशार माणूस तो लिहितच नाही.

दुसरी अडचण नावांची.  तेव्हा गेमची नवी कॅसेट पाहिजे तर वाशीमहून मीटरगेजच्या गाडीने अकोल्याला जायचं. (कार्ट्रिज वगैरे कोणी म्हणत नव्हतं, कॅसेटच.) डब्यावर छापलेलं एक, आत निघायचं दुसरं. शेकडो गेम लिहिलेले, पण तेच दहा-पंधरा फिरून फिरून यायचे. तर विटांच्या भिंती फोडणाऱ्या रणगाड्यांच्या गेमला आपण ‘टँक’ म्हणायचो, आणि टँक 1990 नावाची त्याची नक्कल घरोघरी होती. चिठ्ठीच्या मागे मात्र नाव असणार बॅटल सिटी, नामको कंपनी, 1985. त्यामुळे गावठी नाव आणि असली नाव, दोन्ही जिभेवर ठेव. त्याची खूणही सांगतो. त्यात आपण राखायचा गरुड आपल्याच गोळीने फुटतो आणि खेळ खलास. घरभेदी, राजधानी, स्वतःचाच घाव, असे शब्द आले की समज.

आकडा आला तर सोडू नको. आकडा खोटं बोलत नाही. ‘तीस जीव’ म्हणजे काँट्रा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए हे आपल्याकडची पोरं पाढ्यासारखं घोकत होती. ती युक्ती मुळात काझुहिसा हाशिमोतोने 1986 च्या ग्रेडियससाठी घातली, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो गेम जड जात होता. म्हणून ‘बनवणाऱ्यालाच झेपेना’ असं असेल तर काँट्रा नाही, ग्रेडियस. ‘साठ मिनिटं’ दिसलं तर प्रिन्स ऑफ पर्शिया. 256 दिसलं तर पॅकमॅन: पातळी मोजायला ठेवलेल्या जागेत 255 च्या पुढे मावत नाही, म्हणून 256 व्या पातळीला अर्धा पडदा कचरा होतो.

मशीनच्या गरिबीवर लिहिलेल्या चिठ्ठ्या सगळ्यात झकास असतात, आणि सोडवायला सोप्याही. ‘वरचा पांढरा, खालचा हिरवा, पण साचा एकच.’ सुपर मारिओतले ढग आणि झुडपं. अख्खा गेम 40 किलोबाइटमध्ये बसवायचा होता, मग एकाच चित्राला दोन रंग दिले. ‘फौज घटते तसा जोर वाढतो’ हा 1978 चा स्पेस इन्व्हेडर्स. परग्रहवासी मरत गेले की चित्रं कमी काढावी लागत आणि मशीन आपोआप वेगात येई. तोमोहिरो निशिकादोने ते तसंच राहू दिलं.

आणि एक प्रश्न विचारायची मुभा असतेच ना? पोट्टे ती ‘त्यात बंदूक आहे का’ असलं विचारून वाया घालवतात. बंदूक कशात नसते? तू विचार, ‘पडदा सरकतो का?’ जागेवरच राहत असेल तर पॅकमॅन, टेट्रिस, डाँकी काँग, बॅटल सिटी, बदकं. सरकत असेल तर सुपर मारिओ, काँट्रा, सर्कसचा गेम. एका फटक्यात निम्मं रान साफ.

उत्तर सुचलं तरी लगेच बोलू नको, मनात एकदा खेळून बघ. चिठ्ठीतला एक जरी शब्द हाताला लागत नसेल तर उत्तर चुकीचं आहे, कितीही शोभत असलं तरी. तुझी बहीण उगाच शब्द घालत नाही.

तुझी पाळी आली की हे दे तिला: ‘अपघाताने मरत नाही, तहानेने मरतो. रस्ता सरळ, दोष शेजाऱ्यांचा.’ पडदा सरकतो का विचारलं तर हो म्हण, वरून खाली.